मागचे चाक आणि साखळीची रेषा

जुन्या मोटारसायकलीची गोष्ट निघाली की बहुतेकांचे लक्ष एंजिनाकडे जाते. त्याचा ठोका, त्याचा धूर, त्याची ताकद यांवर माणसे तासन्‌तास बोलतात. परंतु एंजिनात जन्मलेली शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचवावयाची कामगिरी मागच्या साखळीकडे आहे, तिची आठवण सहसा कोणी काढीत नाही. आजच्या लेखात आम्ही या दुर्लक्षित भागाचाच विचार करणार आहोत. कारण ही साखळी चालत्या गाडीत उडाली आणि चाकात अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी जखडते, आणि मग घाटातल्या उतारावर स्वाराच्या हाती फारसे काही उरत नाही.

आपण ज्या साखळीला चेन म्हणतो, तिचे आजचे रूप हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टर येथे सिद्ध केले. पिनेवर नळी आणि नळीवर फिरणारा रोलर, अशी तिची रचना आहे. रोलर दात्यावर घासत नाही, तो त्यावरून गडगडतो. म्हणून ती दीर्घकाळ टिकते. मात्र तिची एक अट आहे. ती वर-खाली वाकते, आडवी वाकावयास तयार नसते. गिअरपेटीवरचे लहान स्प्रॉकेट आणि चाकावरचे मोठे स्प्रॉकेट एकाच पातळीत नसतील, तर साखळीच्या कडांच्या पट्ट्या दात्यांच्या बाजूला घासू लागतात. दात्यांची एकच बाजू चकाकताना दिसली, तर रोग इथे आहे असे खुशाल समजावे.

हा रोग चाक बदलताना हटकून उद्भवतो. १९५५ साली मद्रासला स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट घ्या, किंवा म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी घ्या. वर्षे लोटली, रिमा गंजल्या, हब झिजले; मूळ चाक मिळेना, तेव्हा दुसऱ्या सालातील, कधी दुसऱ्या जातीच्या गाडीचे चाक बसविले जाते. आस भोकातून गेला, नट आवळला, की काम झाले असे वाटते. परंतु चाक बसणे वेगळे आणि चाक रेषेत असणे वेगळे.

येथे तीन प्रश्न आहेत आणि ते निरनिराळे आहेत, हे ध्यानी घेतले पाहिजे. पहिला कोनाचा : चाक तिरके आहे काय? दुसरा सरकण्याचा : स्प्रॉकेट डावीउजवीकडे हटले आहे काय? तिसरा रिमेचा : रिम गाडीच्या मध्यावर आहे काय? पुष्कळ जण तिन्ही दुखण्यांवर एकच औषध देतात. साखळी ताणण्याचे स्क्रू कमीजास्त करून वेळ मारून नेतात. स्क्रूने फक्त कोन बदलतो. सरकलेले स्प्रॉकेट त्याने जागेवर येत नाही. उलट चाक तिरके होऊन एकाऐवजी दोन दोष पदरी पडतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. एक सरळ पट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला टेकवून पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्यावी. पट्टी पुढच्या स्प्रॉकेटला समांतर नसेल, तर दोष कोनाचा. तो स्क्रूने काढावा. समांतर आहे, पण दोहोंची मध्यरेषा जुळत नाही, तर दोष सरकण्याचा. तो आसावरच्या वॉशरांनी आणि नळ्यांनी काढावा. एका बाजूला जितकी जाडी वाढविली तितकी दुसऱ्या बाजूची कमी करावी, कारण फोर्कच्या दोन टोकांमधील जागा ठरलेली असते. पुढचे स्प्रॉकेट झाकणाआड असेल, तर मागे बसून साखळीच्या वरच्या पल्ल्यावर नजर टाकावी. मोड कोठे आहे ते डोळ्यांना कळते.

एवढे झाल्यावर रिमेकडे वळावे. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुतळी लावून ती ताणून पुढच्या चाकापर्यंत आणावी, आणि पुढचे चाक सुतळीला समांतर करावे. पुढचा टायर अरुंद असल्यास दोन्ही बाजूंना फट राहील. ती सारखी हवी. असमान असेल, तर रिम एकीकडे आहे, किंवा क्वचित गाडीचा सांगाडाच वाकलेला आहे. सांगाडा ठीक असेल, तर आऱ्यांचे ताण बदलून कारागिराने रिम मध्यावर आणावी. स्प्रॉकेट जुळले आहे, त्याला आता हात लावू नये.

कोनाची चूक किती महागात पडते, याचा हिशेब सोपा आहे. आसाच्या दोन टोकांत २०० मिलिमीटर अंतर धरले आणि एक टोक फक्त १ मिलिमीटर पुढे राहिले, तर सुमारे १३७० मिलिमीटर पुढे असलेल्या चाकापाशी ती चूक जवळजवळ ७ मिलिमीटरांची होते. बुलेटच्या आसावर शंखाकार चकत्या असतात. दोन्हींच्या खाचा मोजून सारख्या ठेवाव्यात, तरीही पट्टी आणि सुतळी यांची साक्ष अखेरची मानावी. चकत्याही झिजतात.

साखळी ताणताना चाक हाताने फिरवून सर्वांत ताठ जागा शोधावी आणि तेथे पाऊण ते एक इंच ढिलाई ठेवावी. पाच अष्टमांश इंच अंतराच्या साखळीचे २४ दुवे नवेपणी १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर भरतात. ३८८ च्या पुढे गेल्यास ती बदलावी, आणि शक्यतो दोन्ही स्प्रॉकेटांसह बदलावी. जोडदुव्याच्या क्लिपचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला असावे. आणि चाक बसवून झाल्यावर ब्रेकची पाटी तिच्या अडणीत घट्ट बसली आहे ना, हे दोनदा पाहावे. ती सुटली तर ब्रेक दाबताक्षणी पाटीच फिरते.

२०२१ च्या नियमांनी भारतात ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणीचा वेगळा मार्ग दिला. गाडीचे मूळ रूप टिकविणे हे आता केवळ हौसेचे राहिलेले नाही. परंतु रूप टिकवायचे तर आधी स्वार टिकला पाहिजे. आणि त्यासाठी महागडी हत्यारे नकोत. एक सरळ पट्टी, चार हात सुतळी आणि घाई न करण्याची सवय, एवढी सामग्री प्रत्येकाच्या घरी असते.