विद्युतचुंबकीय सिम्युलेशनमधील ऊर्जाप्रवाहाचे मापन

प्रस्तावना :
विद्युतचुंबकीय लहरींचे सिम्युलेशन आज महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शक्य झाले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे विकसित झालेली ‘मीप’ ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु पडद्यावर लहर दिसणे आणि तिच्यासोबत वाहणारी ऊर्जा अचूक मोजणे या दोन भिन्न गोष्टी होत. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात परावर्तन व पारगमन यांची बेरीज १ पेक्षा अधिक आल्यास दोष बहुधा मापनपद्धतीत असतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे विवेचन केले आहे.

सैद्धांतिक आधार :
जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार विद्युत व चुंबकीय क्षेत्रांचा सदिश गुणाकार ऊर्जाप्रवाहाची घनता व दिशा दर्शवितो. केन यी यांच्या १९६६ च्या पद्धतीत मात्र ही क्षेत्रे जाळीवर अर्ध्या घराच्या व अर्ध्या कालपदाच्या अंतराने मिळतात. म्हणून गुणाकारापूर्वी त्यांचा मेळ घालावा लागतो.

मापनाची रीत :
अल्पकालीन स्पंदात अनेक वारंवारता असतात. प्रथम मापनपृष्ठावरील दोन्ही क्षेत्रांचे फूरिए रूपांतर करावे व नंतर प्रत्येक वारंवारतेसाठी गुणाकार करावा. हा क्रम उलटा केल्यास भिन्न वारंवारता परस्परांत मिसळतात.

सिम्युलेशन दोनदा करावे लागते. पहिल्या वेळी वस्तू न ठेवता आपाती क्षेत्र नोंदवावे. दुसऱ्या वेळी वस्तू ठेवून मिळालेल्या एकूण क्षेत्रातून ते वजा करावे; उरते ते परावर्तित क्षेत्र. येथे वजाबाकी क्षेत्रांची करावयाची आहे, ऊर्जाप्रवाहाची नव्हे. कारण प्रवाह हा गुणाकार असल्याने त्यात सामान्यतः मिश्र पदे येतात.

पडताळणी :
हवेतून १.५ अपवर्तनांकाच्या काचेवर लंब दिशेने प्रकाश पडल्यास एका पृष्ठभागावर ४ टक्के परावर्तन व ९६ टक्के पारगमन अपेक्षित असते. ही संख्या न मिळाल्यास तीन बाबी तपासाव्यात : जाळीची सूक्ष्मता, सीमेवरील शोषक थर (बेरेंजर, १९९४) आणि क्षेत्रे पूर्ण क्षीण होण्यापूर्वीच गणना थांबली काय.

समारोप :
ऊर्जाशोषण न करणाऱ्या माध्यमात परावर्तन व पारगमन यांची बेरीज १ आलीच पाहिजे. शोषक माध्यमात ती १ पेक्षा जितकी कमी भरेल, तितके शोषण समजावे. ही कसोटी उतरल्याखेरीज कोणताही आलेख प्रकल्प-अहवालात स्वीकारू नये, कारण संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच सुबकपणे रेखाटतो.