क्लच बदलल्यावर इंजिन का हलतं?

क्लच प्लेट बदलून गाडी गॅरेजमधून बाहेर पडते, तेव्हा मालकाचं सगळं लक्ष क्लचवर असतं. पेडल हलकं झालं, गिअर सहज पडू लागले, म्हणजे काम झालं असं तो धरून चालतो. मग हुबळी-धारवाड बायपासवर दुसऱ्या गिअरमध्ये जोरात पाय दाबला की खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. रिव्हर्स टाकताना पुन्हा तोच. गाडी उभी असताना सीट आणि स्टिअरिंग थरथरतं. नवा क्लच आहे, बसेल हळूहळू, अशी समजूत काढली जाते. पण या तीन लक्षणांचा क्लचशी बहुधा काही संबंध नसतो. क्लच काढण्यासाठी जे सोडवावं लागलं, ते परत नीट बसलेलं नसतं. ते म्हणजे इंजिनाचं माउंटिंग, गॅरेजच्या बोलीत फाउंडेशन.

इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दोनशे किलोंच्या आसपासचं धूड गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टने जोडलेलं नसतं. मध्ये धातूला चिकटवलेलं रबर असतं. 1931 मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरावर असं तोललं, की त्याची थरथर प्रवाशांपर्यंत पोहोचेना. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएनने ते तंत्र परवान्यावर घेतलं आणि तरंगत्या इंजिनाची खूण म्हणून गाडीच्या जाळीवर हंसाचं चित्र लावलं. आज अनेक महागड्या गाड्यांच्या माउंटमध्ये रबराच्या पोटात द्रवही भरलेला असतो. पोर्शेने 2009 च्या सुमारास 911 जीटी3 साठी असे माउंट देऊ केले, ज्यांच्यातला द्रव चुंबकीय क्षेत्राने क्षणात घट्ट किंवा मऊ होतो. शांत चालवताना मऊ, वळणावर कडक.

वजन पेलणं हे माउंटचं सोपं काम. अवघड काम पिळाचं. इंजिन चाकांना फिरवतं, तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतः उलट्या दिशेला फिरू पाहतं आणि त्याला माउंटच धरून ठेवतात. भारतात 2017 मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन 350 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पुढची चाकं चालवणाऱ्या अशा गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून पहिल्या गिअरला तो बारापट वाढवतात असं धरलं, तरी चार हजारांवर जातो. हा सगळा पीळ तीन-चार रबरी आधारांवर आणि त्यांच्या मोजक्या बोल्टांवर येतो.

हुबळीच्या मेकॅनिकांचा हात ट्रकवर बसलेला आहे. पुणे-बंगळुरू महामार्गावरचं हे गाव मालवाहतुकीचं मोठं ठाणं. देशातल्या मोठ्या वाहतूक कंपन्यांपैकी व्हीआरएल लॉजिस्टिक्सचा कारभार इथूनच चालतो. धारवाडला टाटांच्या बस बनतात. गोकुळ रोडच्या परिसरात लेथपासून वेल्डिंगपर्यंत सगळं मिळतं. ट्रकचं फाउंडेशन म्हणजे जाड पोलादी चॅसिसवर जाड रबर. तिथे अंदाजाने आवळलेला बोल्टही बरीच वर्षं टिकतो, आणि तो अंदाज कमावलेला असतो, त्याला कमी लेखू नये. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र पोलादी बोल्ट अनेकदा अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागात जातो. तिथे हाताचा अंदाज चुकतो आणि आटे निघून येतात.

चुका ठरावीक असतात. पहिली जॅकची. एका बाजूचा माउंट सोडवल्यावर इंजिन ऑइल चेंबरखाली जॅक लावून नुसतंच तोललं, किंवा गिअरबॉक्स बाहेर असताना लटकत राहू दिलं, तर उरलेल्या माउंटवर भलत्या दिशेने ताण येतो. द्रव भरलेल्या माउंटचा आतला पडदा फाटतो. बाहेरून रबर धडधाकट दिसतं, पण खाली तेलकट ओघळ येतो आणि आठवडाभरात थरथर सुरू होते. दुसरी चूक क्रमाची. अनेक गाड्यांत सगळे बोल्ट आधी सैल लावून इंजिन आपल्या वजनाने बसू द्यायचं आणि मगच ते आवळायचे असतात. घाईत एकेक बोल्ट पूर्ण आवळत गेलं, तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि गाडी उभी असतानाही त्यावर ताण राहतो.

तिसरी चूक सर्वांत धोकादायक. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत माउंटचे बोल्ट ताणून बसवायचे असतात. उदाहरणार्थ, 40 न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क रेंचने आवळायचं आणि मग आणखी 90 अंश फिरवायचं. त्या शेवटच्या फिरकीत बोल्ट किंचित लांबतो आणि त्या ताणावरच पकड धरतो. एकदा लांबलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. यांतल्या अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट बदलायचा तर उजवा माउंट काढावाच लागतो, आणि जुनेच बोल्ट परत लावले तर ते सैल होतात किंवा तुटतात. मग इंजिन एका बाजूने खाली बसतं. नव्या बोल्टांचा खर्च एकूण बिलापुढे नगण्य असतो. त्यात केलेली काटकसर समजण्यापलीकडची आहे.

माउंट तुटल्यावर काय होऊ शकतं, हे अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर पाहिलं. डिसेंबर 1971 मध्ये जनरल मोटर्सने सुमारे 67 लाख शेव्हर्लेट गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत 1967 ते 1969 च्या कमॅरोही होत्या. दोष गॅरेजचा नव्हता, मूळ माउंटचाच होता. रबर धातूपासून सुटायचं, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन एका बाजूने उचललं जायचं आणि सोबत अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जायची. पाय काढला तरी गाडी वेग घेत राहायची. उपाय म्हणून कंपनीने इंजिनाला पोलादी केबल बांधून दिली. नंतर बनलेल्या माउंटमध्ये धातूचे भाग एकमेकांत अडकवले गेले, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन जागा सोडणार नाही. आजच्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत फक्त विजेची वायर जाते, म्हणून तो धोका मागे पडला. ड्राइव्हशाफ्ट, कूलंटचे पाइप आणि एक्झॉस्ट यांना मात्र हलणारं इंजिन आजही मोडतं.

म्हणून गॅरेजहून आल्यावर ‘ठक्’ ऐकू आलं तर गाडी चालवून खात्री करत बसू नये. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून एकाने अ‍ॅक्सिलरेटर क्षणभरच दाबावा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघावं. गाडीच्या समोर कुणीही थांबू नये. इंजिन थोडं हलणं स्वाभाविक आहे, पण उचललं जाऊन आदळत असेल तर तिथेच थांबावं. पुणे आणि बंगळुरू ही दोन्ही शहरं हुबळीहून चारशे किलोमीटरच्या आगेमागे असल्याने, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत हळूहळू चालवत नेऊ, हा मोह होतो. तेवढ्या अंतरात एका माउंटचं काम गिअरबॉक्सपर्यंत जाऊ शकतं. गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यावी. महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

दुसऱ्या गॅरेजने काहीही उघडण्याआधी फोटो काढून ठेवावेत: तुटलेला बोल्ट, ओघळ, रबराची भेग. जुने भाग मागून घ्यावेत. मूळ कामाच्या बिलावर नवे बोल्ट वेगळे लिहिलेले आहेत का, हे पाहावं. ते नसतील तर मूळ गॅरेजशी बोलताना हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. बरेच गॅरेजवाले कागद समोर ठेवून शांतपणे बोललं की काम पुन्हा करून देतात, कारण त्यांनाही गाव सोडून जायचं नसतं.

तिथे भागलं नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही सेवेतली त्रुटी ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही. जुन्या कायद्यात नसलेली एक सोय इथल्या मालकांच्या विशेष उपयोगाची आहे. काम पुण्यात झालेलं असो की बंगळुरूत, ग्राहक जिथे राहतो तिथल्या, म्हणजे धारवाडच्या जिल्हा आयोगात त्याला दाद मागता येते.