पावणेचार इंचांचा स्वर

१९६३ सालचं लंडन. मेडा व्हेलमध्ये एकेकाळच्या रोलर स्केटिंगच्या इमारतीत तेव्हा बीबीसीचे स्टुडिओ होते, त्यांतच रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिनिर्मिती विभागाच्या खोल्या. ‘डॉक्टर हू’ या नव्या मालिकेचं शीर्षकसंगीत हातात असताना तिथे काम करणाऱ्या डेलिया डर्बीशायरचा दिवस साधारण असा जात असणार.

सकाळी १०. टेबलावर रॉन ग्रेनर यांनी लिहिलेला एकच कागद. त्यावर सुरावट, आणि मधेमधे ढग, वाऱ्याचे बुडबुडे अशा सूचना. वाजवणारं कोणी नाही, सिंथेसायझरही नाही. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली डेलिया लॉगॅरिदमची पुस्तिका उघडते.

दुपारी १२. एक ताणलेली तार छेडून तिचा आवाज टेपवर घ्यायचा. टेप सावकाश फिरवली की स्वर उतरतो, जोरात फिरवली की चढतो. खर्जाची सगळी चाल या एकाच तारेतून काढायची. वरची धून ऑसिलेटरमधून, म्हणजे मुळात यंत्रं तपासण्यासाठी असलेल्या उपकरणातून.

दुपारी ३. आता खरं काम. टेप सेकंदाला १५ इंच धावते. पाव सेकंदाचा स्वर हवा असेल तर टेप पावणेचार इंच. पेन्सिलीची खूण, ब्लेडने तिरका छेद, मागून चिकटपट्टी, मग पुढचा स्वर. सरळ कापलं तर सांध्यावर टक्कन आवाज येतो, म्हणून छेद तिरका. खर्जात मुख्य स्वराआधी इवलासा कणस्वर, तोही असाच कापून जोडलेला. लय रक्तात असावी लागते म्हणतात. इथे ती फूटपट्टीवर मोजलेली आहे, आणि तरीही ऐकताना अंगावर काटा येतो.

संध्याकाळी ६. काम अजून बाकी आहे. पुढे पूर्ण झालेली धून ऐकून ग्रेनर थक्क झाले. मानधनातला वाटा तिला मिळावा अशी त्यांची इच्छा होती, पण बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. श्रेय वर्कशॉपला गेलं. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ उजाडलं, आणि ती तर २००१ मध्येच गेली होती. हे मला अजून सलतं.

रात्री ९. अनेक आवाज एकाच टेपवर वेगवेगळे घेणारं मल्टिट्रॅक यंत्र नाही. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या टेपा एकदम सुरू करायच्या आणि एकत्र रेकॉर्ड करायच्या. कुठेतरी एक स्वर चुकतोय, कुठे ते कळत नाही. डेलिया आणि सहकारी डिक मिल्स सगळ्या टेपा लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी उलगडतात आणि सांध्याशी सांधा ताडून पाहत पुढे सरकतात. एकीवरचा सांधा बाकीच्यांच्या रेषेत नाही. सापडला! ब्लेड पुन्हा हातात.