परिषदेत कोणता विषय मांडावा?

तंत्रज्ञानविषयक परिषदेत बोलण्याची संधी आली की वक्त्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयाचा. हाताशी वर्षानुवर्षांचे काम असते. वेळ मात्र बहुधा वीस-पंचवीस मिनिटांचाच मिळतो. अशा वेळी ज्यात आपल्याला सर्वाधिक यश लाभले तेच सांगावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु जे काम पुरे झाले आहे त्याचा वृत्तांत नियतकालिकातूनही वाचता येतो. परिषद भरते ती एकाच प्रश्नाशी वेगवेगळ्या ठिकाणी झुंजणाऱ्या माणसांची गाठ पडावी म्हणून. तेव्हा विषय निवडताना आपले कर्तृत्व कशातून दिसेल हे पाहण्यापेक्षा, या श्रोत्यांपुढे काय मांडले असता काम पुढे सरकेल, हे पाहणे अधिक श्रेयस्कर होय. संगणकांच्या इतिहासातील एका प्रसंगावरून हे स्पष्ट होईल.

ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग या डोंगराळ भागातल्या छोट्या गावी संगणकांच्या कार्यप्रणालींविषयी एक परिसंवाद भरला होता. तेथे लॅरी रॉबर्ट्स यांनी एक निबंध वाचला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेसाठी दूरदूरच्या संगणकांचे जाळे उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९६५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एक संगणक कॅलिफोर्नियातील दुसऱ्या संगणकाशी जोडून दाखवण्याच्या प्रयोगात त्यांचा वाटा होता. तीच यशोगाथा पुन्हा सांगणे त्यांना सोपे होते. त्यांनी मात्र अद्याप कागदावरच असलेल्या जाळ्याची योजना मांडली. संदेश या जाळ्यातून नेमके कसे जावेत, याचा सर्व तपशील तेव्हा ठरलेला नव्हता.

याच परिसंवादात इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे रॉजर स्कँटलबरी यांनी आपला आणि आपल्या सहकाऱ्यांचा निबंध सादर केला. त्यामागची मूळ कल्पना डोनल्ड डेव्हिस यांची होती. दूरध्वनीवर दोन माणसे बोलत असताना, ती क्षणभर गप्प राहिली तरी, त्यांच्यामधील मार्ग त्या काळी राखून ठेवलेला असे. संगणकांचे संभाषण याहून निराळे असते. क्षणार्धात पुष्कळ मजकूर जातो आणि मग बराच वेळ शांतता पसरते. त्यांच्यासाठी मार्ग राखून ठेवला तर तो बहुतेक वेळ रिकामाच पडून राहील. म्हणून डेव्हिस यांनी सुचवले, की संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि अनेकांचे तुकडे एकाच मार्गावरून एकामागून एक सोडावेत. या तुकड्याला त्यांनी ‘पॅकेट’, म्हणजे पुडके, असे नाव दिले. त्यांचे जाळेही अद्याप उभे राहिलेले नव्हते.

दोन अपुरी कामे अशा रीतीने समोरासमोर आली. रॉबर्ट्स यांच्या मनात सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी तितके अंक, वाहून नेणाऱ्या तारा होत्या. इंग्रज चमूने याहून पुष्कळ वेगवान तारांचा आग्रह धरला, आणि प्रत्यक्ष जाळ्यात ५०,००० बिटांच्या तारा आल्या. अमेरिकेतच पॉल बॅरन यांनी अशाच कल्पनेवर विस्तृत अहवाल लिहिले होते, त्यांकडेही रॉबर्ट्स यांचे लक्ष या भेटीतून वेधले गेले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. आजच्या इंटरनेटची एक मुख्य मुळी तेथे आहे. रॉबर्ट्स यांनी केवळ जुन्या यशाचे वर्णन केले असते, तर त्यांच्या योजनेतील उणिवा कोणाच्या ध्यानात आल्या असत्या?

याचा अर्थ अर्धवट काहीही मांडावे असा नव्हे. दोन्ही निबंधांत प्रश्न नेमका होता आणि त्यावरचा सुचवलेला मार्ग तपासून पाहता येण्याजोगा होता. शिवाय, काही विषय शब्दांत मावत नाहीत, हेही ओळखावे लागते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी ‘माऊस’ने पडद्यावरील मजकूर हाताळून दाखवला आणि काही मैलांवरील सहकाऱ्यांशी त्याच पडद्यावरून संभाषण केले. नव्वद मिनिटांच्या त्या प्रात्यक्षिकाने जे पटवले, ते केवळ निबंध वाचून पटवणे कठीण होते.

निवड समितीचा नकार हाही विषयाविषयीचा अखेरचा निवाडा नव्हे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे भरलेल्या परिषदेने टिम बर्नर्स-ली यांच्या ‘वर्ल्ड वाइड वेब’वरील निबंधाला व्यासपीठ दिले नाही, केवळ प्रात्यक्षिकाची अनुमती दिली. त्यांनी ती स्वीकारली आणि आपले काम दाखवले.

तेव्हा विषय ठरवण्यापूर्वी वक्त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझा मुद्दा मला एका वाक्यात सांगता येतो काय? तो ऐकून श्रोत्यांपैकी कोणाच्या कामात उद्या काही फरक पडेल काय? आणि त्यांच्याकडून मला काय जाणून घ्यावयाचे आहे? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर विषय अद्याप फार मोठा आहे. त्याचा एकच भाग निवडावा. दुसऱ्याला नसेल तर परिषद चुकीची निवडली असण्याचा संभव आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र भाषणाच्या शेवटी उघडपणे सांगावे आणि त्यावरील चर्चेसाठी आपल्या वेळातील काही मिनिटे आवर्जून राखून ठेवावीत.