प्रिलिमला अकरा मार्क पडले तेव्हा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी काय वाण लुटलं याच्यापेक्षा कुणाच्या मुलाला प्रिलिमला किती पडले याचीच चर्चा जास्त होते, हे दहावीच्या मुलांच्या आयांना मी वेगळं सांगायला नको. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शाळांच्या पूर्वपरीक्षा संपतात, संक्रांतीच्या आसपास पेपर हातात पडतात आणि रथसप्तमीपर्यंत घरोघरी बायका जमतात. योग मोठा वाईट जुळून येतो.

२०२४ साली आमची धाकटी दहावीला होती. मी घरी ब्लाऊज शिवते. त्या गुरुवारी कापडावर खूण करायला पेन्सिल सापडेना, म्हणून तिची कंपासपेटी उघडली, तर आत आठ घड्या केलेला कागद. उलगडून पाहिला. बीजगणित, चाळीसपैकी अकरा. पेपर मिळून दोन दिवस झाले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मग मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. क्लासची फी काढली, मोबाईल काढला, वन्संच्या मुलीचे मार्क काढले. बोलून झाल्यावर मला जरा बरं वाटलं, तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही. ती मान खाली घालून उभी होती आणि मी त्याचा अर्थ निर्लज्जपणा असा लावला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू. पंधरा-वीस बायका. त्यात एका मैत्रिणीने विचारलंच, "काय हो, प्रिलिमचं काय झालं?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अजून पेपर दिलेच नाहीत शाळेनं." मागे वळून पाहते तर तिळगुळाचं ताट घेऊन धाकटी उभी. तिने सगळ्यांना तिळगूळ दिला, मोठ्या बायकांच्या पाया पडली आणि आत गेली.

रात्री जेवली नाही. मी समजूत काढायला गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, त्यांची मुलगी माझ्याच बाकावर बसते. मला किती पडले ते तिला माहीत आहे."

खोटं बोलूनही माझी अब्रू वाचली नव्हती, आणि तिच्या मनात मात्र कायमचं बसलं की आईला आपली लाज वाटते. बहिणींनो, अकरा मार्कांचं दुःख एका बाजूला आणि हे एका बाजूला.

ती कोंडी फोडली सासूबाईंनी. त्या जुन्या अकरावी मॅट्रिकच्या काळातल्या. दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासूनची, त्याच्या आधी अकरावीला मॅट्रिक असे. त्या रात्री त्या नातीच्या पायथ्याशी जाऊन बसल्या आणि सांगू लागल्या. अकरावीत शाळेच्या चाचणीत त्यांना गणितात फार कमी पडले. वडील म्हणाले, आता फॉर्मची फी कशाला फुकट घालवायची? फॉर्म भरलाच नाही. माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाई मॅट्रिक नाहीत हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं.

"मग आजी, तू पुढच्या वर्षी का नाही बसलीस?"

"कोण बसू देणार? वैशाखात लग्न लावून दिलं." थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेचं जाऊ दे. पण त्या पेपरात माझं काय चुकलं होतं, ते मला कुणी दाखवलंच नाही गं. आजसुद्धा मला ठाऊक नाही."

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर धाकटीने तो आठ घड्यांचा कागद स्वतःच टेबलावर आणून ठेवला. आम्ही दोघी बसलो. माझं गणित बेताचंच, पण बेरीज-वजाबाकी तर येते! वरचा आकडा हाताने झाकला आणि एकेक प्रश्न घेऊन 'हा मार्क कशाने गेला' एवढंच बाजूला लिहीत गेलो.

गेलेले मार्क एकोणतीस. त्यातले अकरा तर लिहिलेच नव्हते. चौथा प्रश्न आठ मार्कांचा आणि पाचवा तीन मार्कांचा, तिथे पोचेपर्यंत घंटा झाली होती. सात मार्क गेले ते हातचे: अधिकच्या जागी वजा, ६३ च्या जागी ३६ उतरवून घेतलेले, एका ठिकाणी तर गणित बरोबर आणि शेवटचं उत्तर लिहायचंच राहिलेलं. खरोखर येत नव्हतं म्हणून गेलेले मार्क उरले ते अकरा. म्हणजे पडले अकरा, आलं नाही तेही अकराच. तिच्या चेहऱ्यावर मी त्या आठवड्यात पहिल्यांदा रंग पाहिला.

ब्लाऊज मुंढ्यात काचतो म्हणून कुणी सगळं कापड टाकून देत नाही. जिथे काचतो तिथली शिवण उसवायची. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं, पण पोटच्या पोरीच्या बाबतीत आपली अक्कल कुठे जाते कोण जाणे.

आता ते न येणारे अकरा. बहुतेक सगळे 'वर्गसमीकरणे' या एका प्रकरणातले निघाले, आणि तिथे अडत होतं ते अवयव पाडताना. अवयव हे दहावीचं प्रकरण नव्हे, ते आठवीच्या पुस्तकातलं. तिची आठवी २०२१-२२ ची. शहरांतल्या शाळांचे आठवीपासूनचे वर्ग उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर आठवी झाली ती मोबाईलच्या पडद्यावर, आणि आमच्याकडे तेव्हा दोघा भावंडांत फोन एक. थोरल्याची बारावी, म्हणून फोन त्याच्याकडे. हा निर्णय आमचा होता. 'मोबाईलने वाटोळं केलं' असं मी गुरुवारी ओरडले होते, आणि खरी गोष्ट अशी की आठवीत तिला तो पुरेसा मिळालाच नव्हता!

सोमवारी शाळेत जाऊन सरांना भेटले. हे काम वडिलांवर टाकू नका आणि भांडायलाही जाऊ नका. मी तो पेपर आणि आमचं टिपण पुढे ठेवलं. सर म्हणाले, "बहुतेक पालक मार्क वाढवा म्हणून येतात. हे बरं केलंत." त्यांनी सांगितलं की प्रिलिम ते जरा हात आखडूनच तपासतात, पण त्यावर विसंबून राहू नका. आठवीचं पुस्तक काढून अवयवांचं प्रकरण पुन्हा करा, आठ दिवस पुरतील. बोर्डाच्या पेपराला दोन तास आणि मार्क चाळीस, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. पहिला प्रश्न आठ मार्कांचा, त्याला चोवीस मिनिटांच्या वर एक मिनिट नाही. धाकटीला विचारलं तर म्हणाली, तिने पाऊण तास लावला होता, कारण सुरुवात सुंदर अक्षरात करायची असते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

अवयवांचा अभ्यास आमच्या स्वयंपाकघरात झाला. मी पोळ्या लाटायची आणि विचारायची, "गुणाकार चोवीस, बेरीज दहा?" ती डबा भरताभरता म्हणायची, "सहा आणि चार." "गुणाकार वजा चौदा, बेरीज पाच?" इथे ती अडायची. मग, "सात आणि वजा दोन!" चार-सहा दिवसांनी सासूबाईही विचारू लागल्या. वजा चिन्हाची गंमत त्यांना फार आवडली.

ह्यांचं म्हणणं होतं की दुसरा क्लास लावू. चौकात 'चाळीस दिवसांत गणित' असा फलकही लागला होता. मी नको म्हटलं. लग्नाच्या दिवशी आचारी बदलायचा नसतो. चाळीस दिवसांत नवे सर, नवी वही, नवी पद्धत, यात मूल आणखीच गांगरतं. ज्याला पहिल्यापासून शिकवणारं कुणीच नाही त्याची गोष्ट वेगळी. ह्यांच्याकडे मग मी दुसरं काम दिलं. दर रविवारी सकाळी बरोबर अकरा वाजता बोर्डासारखा पेपर, गजर लावून, टी.व्ही. बंद, आणि पर्यवेक्षक म्हणून हे. २०२३ पासून बोर्डाने पेपराच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, पण ती आम्ही घरी धरली नाहीत.

पहिल्या रविवारी सोळा पडले. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या रविवारी तेरा. वेळेत संपवायच्या नादात चिन्हांच्या चुका दुप्पट झाल्या होत्या. त्या दुपारी ती पुस्तक फेकून रडली आणि मीही स्वयंपाकघरात रडून घेतलं. सांगायचं एवढ्यासाठी की, मार्क जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकेक करून चढत नाहीत. आपण आया मात्र दर रविवारी पुढची पायरी मागतो. तिसऱ्या रविवारी एकोणीस, मग चोवीस, आणि शेवटच्या रविवारी तेवीस.

भूमितीत सोळा होते. तिथे प्रमेयांची विधानं पाठ नव्हती आणि रचनांचा सराव नव्हता, ते महिन्याभरात बसलं. विज्ञान ठीक होतं. भाषांकडे मी लक्षच दिलं नाही. घरात एका वेळी एकच चूल पेटवावी.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर खास काहीच केलं नाही. बदाम, ब्राह्मी असं ज्याने त्याने सुचवलं. सासूबाईंनी बदाम भिजत घातले, ते तिने खाल्ले, आजीला बरं वाटावं म्हणून. मी आग्रह धरला तो झोपेचा. साडेदहाला दिवा बंद. रात्री जागून केलेला अभ्यास डोक्यात मुरायलाही झोपच लागते, आणि जागरणाने चिन्हांच्या चुका वाढतात हे आम्ही त्या तेराच्या रविवारी पाहिलंच होतं. आदल्या रात्री ती एक वाजेपर्यंत बसली होती. फोन तिने आपणहून आजीच्या कपाटात ठेवला. मी काढून घेतला असता तर रोज भांडण झालं असतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहिते. मूल एक रात्र जेवलं नाही, एक दुपार रडलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दिवसेंदिवस झोप नाही, अन्नावर वासना नाही, खोलीचं दार सारखं बंद, 'मी नसते तर बरं झालं असतं' अशी भाषा, तर ते 'नाटक' समजू नका. रागावू नका, एकटं ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा सुरू झाली आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी तो तेव्हा गॅसच्या वरच्या भिंतीवर चिकटवला होता. मुलीसाठी म्हणून लावला, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही त्याचा आधार वाटत होता.

आणि त्या मैत्रिणीला? चार दिवसांनी तिच्या घरच्या हळदीकुंकवाला गेले तेव्हा मी धाकटीच्या समोरच म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले हो. बीजगणितात अकरा पडलेत. आम्ही पेपर घेऊन बसलो आहोत." क्षणभर शांतता झाली. मग कोपऱ्यातून एक वहिनी म्हणाल्या, "आमच्याला नऊ." आणि मग काय विचारता, एकेकीच्या कंपासपेट्या उघडायला लागल्या.

बोर्डाची परीक्षा १ मार्चला सुरू झाली, निकाल २७ मे २०२४ ला दुपारी एक वाजता लागला. गणितात शंभरपैकी एकसष्ट. बीजगणित, भूमिती आणि शाळेचे अंतर्गत वीस मिळून. मला मनातून सत्तरची आशा होती, ती मी गिळली. त्या वर्षी राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, तेव्हा एकसष्टाचं कौतुक कुणी बाहेरचा कशाला करील? पण धाकटीने पेढे स्वतः आणले आणि पहिला आजीच्या हातावर ठेवला. कॉमर्सला गेली.

ज्या वहिनींच्या मुलाला नऊ होते, तो गणितात राहिला. वाईट वाटलं. पण पूर्वी नापास मुलाला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि वर्ष जायचं, तसं आता नाही. २०१५ पासून फेरपरीक्षा लगेच होऊ लागली. तो जुलैत बसला, सुटला आणि त्याच वर्षी आयटीआयला नाव घातलं. वहिनींनी पेढे वाटले ते आमच्यापेक्षा मोठे होते!

२०२५ च्या संक्रांतीला आमच्याकडे पुन्हा हळदीकुंकू झालं. सगळ्या गेल्यावर पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई मागे रेंगाळल्या. त्यांची माझी ओळख नावापुरतीच. पर्स उघडली, पुन्हा बंद केली. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही पेपर बघून देता असं ऐकलं. मुलाला भूमितीत सात पडलेत. त्याला न सांगता आणलाय."

"त्याला सांगून आणा," धाकटी आतून म्हणाली, आणि टेबलावरचे तिळगुळाचे डबे उचलू लागली.