सुरू झाले, सुरू केले, सुरू करण्यात आले

वर्धा जिल्ह्यातल्या संस्थांचे अहवाल, माहितीपत्रके आणि कंत्राटदारांची प्रमाणपत्रे मराठीतून इंग्रजीत करून देणे हे माझे काम. त्यात माझा सर्वांत जास्त वेळ खाणारा शब्द म्हणजे 'सुरू'. एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात तो पानागणिक भेटतो. वसतिगृह सुरू करण्यात आले, शिवणवर्ग सुरू झाला, चौकशी सुरू आहे, विहिरीवरची मोटर सुरू केली. मराठी वाचकाला यात काहीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी वेगळा दरवाजा उघडावा लागतो, आणि तो उघडण्याआधी त्या दिवशी नेमके काय घडले ते माहीत असावे लागते.

'बिगिन' आणि 'स्टार्ट' यांच्यावर विद्यार्थी फार वेळ घालवतात. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात, तिथे मी थांबत नाही. फरक पडतो तो यंत्रापाशी. मोटर, जीप, जिनिंगचे यंत्र यांना 'स्टार्ट'च लागतो, 'बिगिन' तिथे साफ चूक. 'स्टार्ट'चा जुना अर्थ दचकून उसळी घेणे असा आहे, आणि तो झटका त्या शब्दात अजून शिल्लक आहे. धंदा काढला, प्रवासाला निघालो, तिथेही तोच शोभतो. 'बिगिन'ला पुढे उलगडत जाणारे काहीतरी हवे असते. भाषण, प्रकरण, उपवास. आणि त्याची एक सोय मला फार मोलाची वाटते, तो कर्त्याशिवायही निवांत उभा राहतो. कोणी घडवून आणले हे सांगायचे नसेल, किंवा खरोखरच कोणी ठरवून घडवले नसेल, तर 'बिगिन' खोटे बोलत नाही.

'कमेन्स' हा नॉर्मन फ्रेंचमधून आलेला, कोर्टकचेरीत मुरलेला शब्द. आपल्या मुलांना तो भारदस्त वाटतो म्हणून ती निबंधात घालतात, आणि सकाळचा चहाही 'कमेन्स' होतो. त्याची खरी जागा तारखेपाशी आहे. मराठी अधिनियमांच्या पहिल्या कलमात संक्षिप्त नावाबरोबर 'प्रारंभ' येतो, तो हा. संविधानाची काही कलमे 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झाली होती, तरी अनुच्छेद 394 संविधानाचा 'प्रारंभ' म्हणतो तो 26 जानेवारी 1950 ला. म्हणजे प्रारंभ हा कायद्याने ठरवलेला दिवस. कंत्राटाच्या कागदात हे फार जपावे लागते. कार्यारंभ आदेश एका तारखेचा असतो, आणि पहिली कुदळ मारली जाते ती भलत्याच तारखेला. मुदत मोजायची आदेशाप्रमाणे, तर तिथे 'कमेन्समेंट'ची तारीख ती. कुदळीची तारीख द्यायची झाली तर 'स्टार्ट' लिहून वेगळी द्यावी. दोन्ही एका शब्दात कोंबल्या, तर उशीर कोणाचा हे कागदावरून कळणारच नाही.

म्हणून मी फोन करते. "दादा, हे सभागृह सुरू झालं म्हणजे काय झालं? भूमिपूजन, बांधकाम, की कार्यक्रम व्हायला लागले?" पलीकडून उत्तर येते, "आधी कार्यक्रम सुरू झाले न ताई, उद्घाटन मंग झालं." अशी उत्तरे मला आवडतात. आता 'इनॉग्युरेट' कुठे घालायचा ते ठरले. रोमन लोक पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहत, त्या शकुन सांगणाऱ्यांच्या नावावरून हा शब्द आला. विधी आणि पाहुणे असतील तिथेच तो घ्यावा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 ला झाले, तिथे तो अगदी योग्य. 'लाँच'ला भाला फेकण्याचे मूळ आहे. सर्वांसमोर, जोर लावून, ठरवून केलेली सुरुवात. दोन शिलाई यंत्रांवर निघालेल्या शिवणवर्गाला तो लावला की वर्ग लहान दिसतो आणि लिहिणारा बढाईखोर.

खरी कसोटी लागते ती जुन्या इतिहासाच्या परिच्छेदात, आणि वर्ध्यात तो प्रत्येक दुसऱ्या संस्थेपाशी असतो. 'गांधीजींनी 1936 मध्ये सेवाग्राम आश्रम सुरू केला.' इंग्रजीत बहुतेक जण सरळ 'फाउंडेड' लिहून मोकळे होतात. मला तो शब्द इथे बोचतो. 'फाउंड' म्हणजे पाया घालणे, आधी ठरवून. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले ते खेड्यात एकट्याने राहावे या इच्छेने. त्यांच्या शिष्या मीराबेन तिथे आधीच राहत होत्या. आश्रम काढायचा गांधीजींचा बेत नव्हता. माणसे येत गेली, आदिनिवास या पहिल्या घराभोवती कुट्या वाढल्या. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून सेवाग्राम हे नावदेखील 1940 मध्ये आले. इथे मी 'गांधीजी राहायला आले आणि त्याभोवती आश्रम वाढला' असे दोन क्रियापदांचे वाक्य करते. लांब होते, होऊ द्यावे.

नई तालीम या शिक्षणपद्धतीचे तसेच. माहितीपत्रकात '1937 साली नई तालीम सुरू झाली' असते. त्या वर्षी 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिथे कल्पना मांडली गेली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीवर आराखड्याचे काम सोपवले गेले, 1938 च्या हरिपुरा काँग्रेसने तो स्वीकारला, आणि शाळेत मुले बसली ती त्यानंतर. एका 'सुरू'च्या पोटात मांडणे, आखणे, स्वीकारणे आणि उघडणे अशा चार क्रिया आहेत. वाचकाला कोणती सांगायची ते ठरवल्याशिवाय इंग्रजी शब्द निवडताच येत नाही.

विनोबांच्या बाबतीत तर हात आखडून लिहावे लागते. 17 ऑक्टोबर 1940 ला पवनारला त्यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ झाला. 'विनोबांनी सत्याग्रह सुरू केला' हे मराठीत खपून जाते. इंग्रजीत 'लाँच'चा कर्ता गांधीजी. विनोबा त्यांनी निवडलेले पहिले सत्याग्रही. त्या काळच्या इंग्रजीत सत्याग्रह 'ऑफर' करत, अर्पण केल्यासारखा. मी तोच शब्द ठेवते. भूदानाचे उलट. विनोबा वर्ध्याहून पायी निघाले, पण पहिली जमीन मिळाली ती 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत, तीही भूमिहीनांनी मागणी केली आणि सभेतल्या एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली म्हणून. कोणी आखलेले नव्हते. तिथे 'लाँच' लिहिणे म्हणजे त्या संध्याकाळचे आश्चर्य पुसून टाकणे. 'बिगॅन', एवढेच.

मराठीला हा भेद कळत नाही असे मुळीच नाही. 'झाले' आणि 'केले' यांत तो स्वच्छ आहे. घोटाळा करते ते 'करण्यात आले'. कोणी केले ते झाकायचे आणि केल्याचे श्रेयही ठेवायचे. अहवाल लिहिणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे असते की कर्ता लिहा, तुमचे मराठीही सुधारेल. आणि आपल्या बोलीत तर याहून नेमकी क्रियापदे आहेत. मिरग लागतो, बाजार भरतो, पेरणीला हात लागतो. 'मिरग लागला' याला 'स्टार्ट' लावून पाहावे, सगळा पाऊस कोरडा होतो. पावसासाठी इंग्रजीचे 'सेट इन' त्याच्या बरेच जवळ जाते, येऊन ठाण मांडणे असे काहीसे. हवामान खाते मोसमी पावसाला 'ऑनसेट' म्हणते, ते याच घरातले.

शेवटी राहते ते 'सुरू आहे'. 'वाचनालय 1962 पासून सुरू आहे' असे कोणी लिहून आणले, तर त्यात आरंभाची गोष्टच नाही. आज दार उघडते हा दावा आहे. इंग्रजीत तो वर्तमानकाळात करावा लागतो आणि त्याला आजची साक्ष लागते. अशा वाक्यापाशी मी पेन्सिलने खूण करते आणि विचारते, "आता कोण बसतं तिथे? किती वाजता उघडतं?" उत्तर आले की वर्तमानकाळ लिहिते. "बघून सांगतो" असे आले, तर वाक्य तसेच कोरे ठेवून पुढचे पान घेते.