हर्सूलला गेला म्हणजे गुन्हेगार ठरला?

करमाड पोलिसांनी एखाद्याला अटक केली, चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे उभे केले, पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाली, की गावात एकच वाक्य फिरते : 'हर्सूलला गेला.' छत्रपती संभाजीनगरचे मध्यवर्ती कारागृह हर्सूलला आहे, म्हणून हे वाक्य. पण ते उच्चारताना गावाने निकालही देऊन टाकलेला असतो. सोयरीक मोडते, शेंद्र्याच्या कंपनीतले कंत्राटी काम जाते, पोरांना शाळेत ऐकून घ्यावे लागते. न्यायालयात मात्र त्या वेळी दोषारोपपत्रही दाखल झालेले नसते.

तुरुंगाबद्दल आपण सगळेच ठाम बोलतो आणि त्यातले बरेचसे चुकीचे असते. सगळ्यात मोठी चूक इथे, पहिल्याच पायरीवर होते.

'आत आहे, म्हणजे काहीतरी केलेच असणार'

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले. दर चार बंद्यांमागे तिघांवर गुन्हा शाबीत झालेलाच नाही. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष आहेत. खटल्यात हजर राहावेत, पुरावा बिघडवू नये, साक्षीदारांना धमकावू नये, एवढ्यासाठी त्यांना आत ठेवलेले असते. ती शिक्षा नव्हे.

मग ते बाहेर का येत नाहीत? गंभीर गुन्ह्यात जामीन नाकारला जातो, हे एक. दुसरे कारण गरिबी आहे, आणि ते मला जास्त अस्वस्थ करते. न्यायालय जामीन मंजूर करते, पण जामीनदार आणायचा असतो. सातबारा असलेला, ऐपतीचा दाखला देऊ शकणारा माणूस. उसाच्या तोडीला जाणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहून रोजंदारी करणाऱ्या माणसाने तो कुठून आणायचा? १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याच्या भावाचा जामीनही नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक लोटले, तरी जामीनदार नाही म्हणून अडकलेली माणसे आजही आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. हा आदेश घरच्यांना माहीत असायला हवा.

तितकीच महत्त्वाची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याची जामिनावर सुटका व्हायला हवी. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकापेक्षा अधिक प्रकरणे चालू असलेल्यांनाही नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद आहे. म्हणजे चोरीच्या पहिल्याच आरोपात अडकलेला पोरगा वर्षाहून अधिक काळ आत असेल, तर अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकावर येते. वकील नसला तरीही.

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे'

याचेच दुसरे रूप : 'दिवस वेगळा, रात्र वेगळी मोजतात, सात वर्षांत सुटतो.' हे कुठल्याही कायद्यात नाही आणि कधी नव्हते. तुरुंगातला दिवस चोवीस तासांचाच असतो.

जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. हे सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात स्पष्ट केले, ते आपल्याच राज्यातले आहे : गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९६१. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोडसे यांचे म्हणणे होते की, मिळालेली माफी धरून आपली वीस वर्षे भरली, आता सोडा. न्यायालयाने ते फेटाळले. शिक्षेचे अंश काढण्यापुरतीच जन्मठेप वीस वर्षे धरली जाते आणि सरकारने माफी दिल्याशिवाय सुटकेचा हक्क निर्माण होत नाही, असा तो निर्णय. गोडसे सुटले ते १९६४ मध्ये, सरकारी आदेशाने.

चौदाचा आकडा आला तो डिसेंबर १९७८ मध्ये. खुनासारख्या, फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे भरल्याशिवाय सोडता येणार नाही, अशी दुरुस्ती तेव्हा झाली. कमीत कमी किती, हे सांगणारा हा आकडा लोकांनी जास्तीत जास्त किती या अर्थाने पाठ केला. चौदा वर्षांनंतर फक्त विचार सुरू होतो. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या स्वरूपानुसार गट पाडलेले आहेत आणि काही गटांत ही मुदत वीस वर्षांच्याही पुढे जाते. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाचे मत मागवले जाते. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडातील ११ दोषींना तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले होते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला असल्याने हा निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हता. सुटका ही अशी कायद्याने बांधलेली असते.

पॅरोलबद्दलही थोडे. शासकीय मराठीत त्याला अभिवचन रजा म्हणतात आणि फर्लोला संचित रजा. घरातले आजारपण, मृत्यू अशा कारणासाठी पहिली, तर ठरावीक शिक्षा भोगलेल्या आणि वर्तन चांगले असलेल्या कैद्याचे घराशी नाते तुटू नये म्हणून दुसरी. दोन्हींत शिक्षा संपत नाही आणि मुदतीत परत यावेच लागते.

'आत फुकटचे खायला मिळते'

पोटभर जेवण मिळते, हे खरे. पण २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत दर शंभर जागांमागे १३१ माणसे होती. झोपायला पुरेशी जागा नसणे, आजारपणात वाट पाहणे, महिनोन्‌महिने घरच्यांचे तोंड न दिसणे, यातले काहीही न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलेले नसते. तुरुंगवासाची शिक्षा म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणे, एवढेच. त्यावर मारहाण, उपासमार किंवा अपमान चढवण्याचा अधिकार कुणालाही नाही. एकांतकोठडीसुद्धा न्यायालयाने शिक्षेत लिहिली असेल तरच देता येते, तीही एका वेळी चौदा दिवस आणि एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही.

सक्तमजुरीच्या कैद्याला काम करावे लागते आणि त्याची मजुरी मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती वाढवली : कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या कारागृहात ९४. ही रक्कम फार तुटपुंजी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरी तिच्यावर घरे तग धरतात. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यातल्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली. ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज आणि परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. बाहेर घर चालवणाऱ्या बाईला तो केवढा आधार!

तुरुंगात सगळे सारखे, हाही भ्रम. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट अमक्या जातीकडे, स्वयंपाक तमक्या जातीकडे, असे कालपरवापर्यंत लिहिलेले होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. भटक्या-विमुक्तांना जन्मजात सराईत गुन्हेगार समजण्यावरही त्याच निकालात ताशेरे आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण मराठवाड्यात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय अजून गेलेली नाही.

'शिक्षा कडक केली की गुन्हे थांबतील'

इटलीच्या बेक्कारियाने १७६४ मध्येच मांडले होते की, गुन्हेगार थबकतो तो शिक्षा किती मोठी आहे हे पाहून नव्हे, ती नक्की होणार आहे हे पाहून. त्यानंतरच्या अभ्यासांनी त्याला दुजोराच दिला. गुन्हा करणारा माणूस कलमे वाचत नाही; आपण पकडले जाणार नाही, असेच त्याला वाटत असते. सात वर्षांची कैद दहा वर्षांची केल्याने त्याच्या मनात फारसा फरक पडत नाही. तपास नीट झाला, साक्षीदार फुटले नाहीत, निकाल वेळेत लागला, तर पडतो.

काही माणसांना बंद ठेवणे भागच असते. वारंवार हिंसा करणाऱ्यापासून बाकीच्यांचे रक्षण व्हायला हवे आणि पीडितेलाही सुरक्षित वाटायला हवे. मात्र केवळ आरोपी आत गेल्याने पीडितेचे उपचार, रोजगार, पोरांचे शिक्षण यांची सोय होत नाही. त्यासाठी महाराष्ट्राची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे, भरपाईच्या तरतुदी आहेत. 'फाशी द्या' म्हणून मोर्चे निघतात. भरपाईचा अर्ज पुढे सरकला का, हे विचारायला फार थोडे जातात.

लहान गुन्ह्यांना तुरुंगच हवा, असेही आता नाही. भारतीय न्याय संहितेने समाजसेवा हा शिक्षेचा नवा प्रकार आणला आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर ती शिक्षा होते.

'असल्यांना मोकळे ठेवले तर पळून जातील'

आपल्याच जिल्ह्यात, पैठणला, जायकवाडीच्या परिसरात खुले कारागृह आहे. चांगल्या वर्तनाचे, शिक्षेचा बराच काळ भोगलेले कैदी तिथे शेती करतात. उंच भिंतींवाचून त्यांची रोजची हजेरी लागते. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी स्वातंत्र्यापूर्वीच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी केली; जन्मठेपेचे कैदीही तिथे राहून जमीन कसू लागले. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तोच प्रयोग आहे. पंतप्रतिनिधींना उमगले होते ते असे : कैदी एक दिवस सुटणारच आहे, तेव्हा सुटून कसा माणूस बाहेर पडावा, याची तयारी आतच करावी लागते. राज्याच्या कारागृह विभागाचे ब्रीदही 'सुधारणा व पुनर्वसन' असेच आहे. पण विभाग कैद्याला फाटकापर्यंतच आणून सोडू शकतो. पुढचे सगळे गावाच्या हातात असते. कामाला लावताना चारित्र्य पडताळणी मागणाऱ्या कंत्राटदाराने कागदावर 'निर्दोष मुक्तता' लिहिलेले असेल, तर ते वाचावे आणि त्या माणसाला काम द्यावे.

करमाड परिसरातले कुणी आत्ता हर्सूलला असेल, तर घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : कलम कोणते, कमाल शिक्षा किती, आणि आत येऊन किती दिवस झाले. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हा हक्क आहे. वकिलाच्या फीसाठी शेत गहाण टाकण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.